गोठ्यातलं वैद्यक



नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते, एमबीबीएस मिळेल का? ते हुकलं की मग पसंतीच्या यादीत खाली कुठंतरी पशुवैद्यकाचं नाव येतं. आज मी बोलणार आहे ते हे नाव यादीत वर यावं म्हणून. त्यातही गाई-म्हशींचं, खेड्यातलं वैद्यक हुशार मुलामुलींनी मनापासून निवडावं, असं मला वाटतं.

नेहमी येणारा एक रुग्ण सांगते. भरपूर दुधाची संकरित गाय, तिसऱ्या-चौथ्या वेताची. काल व्याली आणि आज सकाळी बसली ती उठेना. मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार, नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. गोठ्यात रक्त तपासायची सोय नसते आणि अहवालाची वाट पाहण्याइतका वेळही नसतो. चीक उतरू लागला तसं रक्तातलं कॅल्शियम एकदम घटलं आहे, हे डॉक्टरनं हातानं, डोळ्यांनी आणि घरच्यांना नेमकं विचारून ओळखायचं. मग 450 मिलीची कॅल्शियमची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून सावकाश सोडायची. स्टेथोस्कोप छातीवरून हलवायचा नाही, कारण घाई केली तर हृदय थांबू शकतं. औषध अंगात भिनेल तशी गाईच्या अंगावर थरथर येते, ती ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा अर्ध्या तासात उठून उभी राहते. घरातली माऊली पाण्याची बादली तिच्यापुढं ठेवते. या गाईच्या दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर त्या घराचा किराणा आणि मुलांची फी चालत असते. औषधोपचाराचं फळ इतक्या लवकर, इतक्या उघड दिसावं, असे व्यवसाय फार नाहीत.

हे अंगमेहनतीचं, पुरुषांचं काम, असं अजूनही सांगितलं जातं. त्यावर म्हशीचंच उदाहरण घ्या. गाभण म्हशीच्या गर्भाशयाला पीळ बसला की ती अडते. कितीही ताकदीचा माणूस रेडकू ओढून काढू शकत नाही. आत हात घालून पीळ डावीकडे आहे की उजवीकडे, हे आधी ठरवावं लागतं. पीळ असलेल्या कुशीवर म्हैस पाडायची, पोटावर फळी ठेवून तिच्यावर माणूस उभा करायचा आणि दोरांनी म्हैस पिळाच्याच दिशेनं झटकन लोळवायची. दोर ओढायला शेजारीपाजारी असतातच. दिशा अचूक सांगायला मात्र डॉक्टर लागतो, आणि ते ज्ञान मुलीच्या हातातही तितकंच असतं.

या डॉक्टरचा निर्णय गोठ्याबाहेरही पोचतो. दगडी झालेल्या कासेत प्रतिजैविक सोडलं, तर ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, हे शेतकऱ्याला पटवावं लागतं. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असतं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत चालली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आणि बुळकांडीची गोष्ट तर प्रत्येकाला माहीत असावी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग 2011 मध्ये जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. त्यामागं गावोगाव, वाडीवस्तीवर लस टोचत फिरलेल्या माणसांची मेहनत आहे.

आता वाट सांगते. बारावीला जीवशास्त्र आणि नीट, मग साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यातलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं. मुंबईचं महाविद्यालय 1886 पासूनचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथंही शिक्षण मिळतं. पुढं लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येतं, सहकारी दूध संघांत काम असतं, किंवा आपल्याच तालुक्यात स्वतंत्र व्यवसाय करता येतो.

कष्ट आहेत, ते लपवू नयेत. रात्रीअपरात्री फोन येतो. लाथ बसते. गाभडलेल्या गाईची वार हातमोज्याशिवाय काढली, तर ब्रुसेलोसिस आपल्यालाच गाठू शकतो. गावानंही आपला वाटा उचलावा. दवाखान्यात मजबूत खोडा, पाणी आणि उजेड असला, तर बरीच जोखीम कमी होते. आणि जनावर आजारी पडल्यावर घरगुती उपायांत दोन दिवस न घालवता पहिल्याच दिवशी डॉक्टरला बोलवावं. 1962 हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पसंतीक्रम भरण्याआधी एक करा. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, परवानगी घ्या आणि चार-आठ दिवस डॉक्टरांबरोबर गोठ्यांतून फिरा. पालकांनीही मुलांना खुशाल पाठवावं. शेणामातीची किळस वाटते की जनावराला काय होतंय हे शोधावंसं वाटतं, ते तिथं आपोआप कळेल. शोधावंसं वाटलं, तर यादीत हे नाव पहिलं लिहा. गावांना तुमची गरज आहे.