चालायचे कोणी? : किराणा दुकानाची मांडणी आणि वस्तीतला व्यापार

किराणा दुकानाच्या मांडणीचा अभ्यास करताना फळ्या, रंग आणि रोषणाई यांच्याही आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : दुकानात चालतो कोण, दुकानदार की गिऱ्हाईक? दुकानाला लागणारी जागा, त्यातील नोकरांची संख्या, उधारीची शक्यता आणि भोवतालच्या वस्तीशी त्याचे असलेले नाते या चारही गोष्टी बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतात, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रातील वाण्याचे पारंपरिक दुकान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रस्त्यालगत आडवे काउंटर, त्यावर वजनकाटा, काउंटरखाली गल्ला, मागे छतापर्यंत गेलेल्या फळ्या आणि कडेला तोंडे दुमडून ठेवलेली गहू-तांदळाची पोती अशी त्याची रचना असते. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभे राहून यादी सांगते आणि माल आतून बाहेर येतो. येथील फळ्या गिऱ्हाइकाच्या नजरेपेक्षा दुकानदाराच्या हाताच्या सोयीने लावलेल्या असतात, म्हणून सतत लागणारी साखर व चहापत्ती हाताशी राहते आणि आषाढी एकादशी, श्रावण, नवरात्र जवळ आले की साबुदाणा, भगर व शेंगदाणे पुढे सरकतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी मुद्दाम मांडलेल्या वस्तू दोनच प्रकारच्या असतात : दर्शनी भागात लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि काउंटरवरील गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या. या वस्तू यादीत क्वचितच असतात, किमतीने लहान असतात आणि सुटे पैसे परत घेताना सहज विकल्या जातात.

ही रचना उलटी करण्याचे श्रेय अमेरिकेतील क्लॅरेन्स सॉंडर्स यांच्याकडे जाते. त्यांनी 1916 मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि त्याच्या आराखड्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, 1917 मध्ये मिळवले. एका बाजूने आत शिरायचे, ठरवून दिलेल्या वळणावळणाच्या वाटेने सर्व फळ्यांसमोरून जायचे, माल स्वतः उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, या पद्धतीला स्वयंसेवा म्हणतात. तिच्यामुळे नोकरांच्या पगाराचा खर्च घटला, कारण माल काढून आणण्याचे त्यांचे काम गिऱ्हाइकाकडे गेले. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली, तेव्हा हातातल्या टोपलीचे ओझे खरेदीला घालत असलेली मर्यादाही सैल झाली.

स्वयंसेवेला आणखी एक गोष्ट लागते : दुकानदार जे तोंडाने सांगत असे ते वेष्टनाने सांगितले पाहिजे. भारतात 1977 च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन व किंमत यांसारखा तपशील वेष्टनावर छापणे बंधनकारक केले आणि पुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे ‘एमआरपी’, रूढ झाली, तेव्हा विक्रेत्याशी एक शब्दही न बोलता खरेदी करण्याची पूर्वतयारी झाली.

स्वयंसेवेच्या दुकानात ज्या मालासाठी गिऱ्हाईक मुद्दाम येते, त्याला ओढीचा माल म्हणता येईल. असा माल आतल्या बाजूस ठेवला की त्याच्यापर्यंत जाताना इतर माल नजरेखालून जातो. पाश्चात्त्य दुकानांत दूध बहुधा मागच्या भिंतीशी असते, त्यामागे शीतपेट्यांची सोय आणि हा हिशेब अशी दोन्ही कारणे सांगितली जातात. महाराष्ट्रातील शहरांत मात्र अनेक घरी दूध पहाटे दाराशी येते आणि भाजी मंडईतून किंवा हातगाडीवरून घेतली जाते, त्यामुळे येथे ओढीच्या मालाची जागा महिन्याच्या वाणसामानाने, म्हणजे डाळ, तांदूळ, तेल व साखर यांनी घेतली आहे.

मुंबईत नायगाव येथे 1948 मध्ये सहकारी तत्त्वावर सुरू झालेला अपना बाजार आणि 2002 मध्ये पवई येथे पहिले दुकान उघडणारे डी-मार्ट हे महिन्याच्या वाणसामानाचे दोन भिन्न काळांतील मार्ग होत. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तिसरा मार्ग दाखवला : शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, मागणी आधी नोंदवायची आणि आलेला माल सभासदांनी आपसात वाटून घ्यायचा. काय व किती लागणार हे आधीच ठाऊक असल्याने या पद्धतीत मांडणीने मोह घालण्याला वावच उरत नाही.

एवढे पर्याय असूनही कोपऱ्यावरचा वाणी टिकतो, याचे एक कारण त्याच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. काउंटरमागील माणूस तेच चेहरे रोज पाहतो, कोणाचा पगार कधी होतो हे जाणतो आणि त्या भरवशावर वहीत उधारी मांडतो. स्वयंसेवेच्या दुकानातील रोखपालाचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध बिल होईपर्यंतचा असल्याने तेथे असा भरवसा निर्माण होणे कठीण असते. अनेक वाण्यांनी अलीकडे साबण व बिस्किटांच्या फळ्या गिऱ्हाइकांसाठी खुल्या केल्या असल्या, तरी सुटे धान्य आणि महाग काजू-बदाम अजूनही काउंटरच्या पलीकडेच राहतात.

अंतराचा प्रश्नही येथेच येतो. दहा ठिकाणी पाहून घेण्याच्या वस्तूंची दुकाने एकत्र जमतात, जसे पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्या व दागिने. रोज लागणाऱ्या वस्तूंची दुकाने मात्र वस्तीभर विखुरतात, कारण कोथिंबिरीची जुडी किंवा पावशेर साखर घेण्यासाठी कोणी लांब जात नाही. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून असलेले गाळे ही गरज आपोआप भागवत. भिंतीआडच्या नव्या गृहसंकुलांत तसे गाळे नसतील, तर प्रत्येक लहान खरेदीला वाहन लागते.

गिऱ्हाइकाला चालवून दुकानाने वाचवलेल्या पैशांचा काही भाग स्वस्ताईच्या रूपाने परत मिळतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण ही स्वस्ताई ज्याच्याकडे महिन्याचा माल एकदम भरण्याइतकी रोकड, तो ठेवायला जागा आणि तो आणायला वाहन आहे त्याच्याच पदरात पूर्णपणे पडते. रोजंदारीवर जगणारे आणि दिवसापुरते तेल घेणारे कुटुंब तिच्या बाहेर राहते. म्हणून वस्तीत गाळे किती व कोठे असावेत हे ठरवताना मोठ्या खरेदीची सोय पाहणे पुरेसे नाही; एका वेळी सर्वांत कमी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला किती चालावे लागते, या मापाने तो आराखडा तपासला गेला पाहिजे.