भ्रष्टाचार, गरीब देश आणि आपला हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सातवी पास गिरणी कामगार आहे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचले. कमिटीने मला विषय दिला, 'भ्रष्टाचार आणि देशाची प्रगती'. हा विषय निघाला की आपण पुढाऱ्यांना चार शिव्या घालतो, टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. आज तसे करायचे नाही. म्हणून सुरुवात मी माझ्यापासूनच करतो.

१९८८ साली मी बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राहायला लागलो. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी बदलीवाल्याला त्या दिवसापुरते काम, नाहीतर डबा घेऊन परत घरी. रोज सकाळी तीस-चाळीस जण उभे. आत कुणाला घ्यायचे ते खात्यातला एक माणूस ठरवायचा, आणि त्याचा दर ठरलेला होता. माझ्या आईने भिशी उचलून पाचशे रुपये दिले. मी ते त्याच्या हातात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर लागायला लागला.

माझ्याबरोबर आमच्याच चाळीतला एक जण उभा राहायचा. साच्यावर त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईचा. पण त्याच्याकडे पाचशे रुपये नव्हते. चार महिने उभा राहिला आणि एके दिवशी वळकटी बांधून गावी निघून गेला. मी मात्र नवशिका. माझ्या ताग्यात डॅमेज निघायचे. कोणी बोलायचे नाही, कारण ज्याने पैसे घेतले तो कोणत्या तोंडाने बोलणार?

बंधू-भगिनींनो, मी लाच दिली. पोटासाठी दिली, पण दिली. त्या माणसाचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता यात नुकसान किती झाले, सांगा. तुम्ही म्हणाल पाचशे रुपये. मी म्हणतो, नाही. पाचशे रुपये माझ्या आईच्या पदरातून त्याच्या खिशात गेले, ते कुठेतरी खर्च झालेच असतील. खरे नुकसान निराळे आहे. चांगला विणकर बाहेर राहिला, कच्चा विणकर साच्यावर उभा राहिला, कापड खराब निघाले, आणि ज्याने शिस्त लावायची त्याचे तोंड बंद झाले. गिरण्या बंद पडल्या त्याची कारणे अनेक आहेत, हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण जे एका खात्यात होते तेच देशात होते. रस्ता लायक ठेकेदाराला न मिळता पाकीट देणाऱ्याला मिळतो. मास्तर शिकवणारा न येता पैसे भरणारा येतो. मग रस्ता एका पावसाळ्यात उखडतो आणि पोर आठवीत जाऊन वाचता येत नाही. श्रीमंत देशाला असला खड्डा परवडेल. ज्याच्या घरात एकच भाकरी आहे त्याला ती जमिनीवर पडलेली परवडत नाही.

याचा पुरावा काय? आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. तिथले सरकार प्राथमिक शाळांना दर मुलामागे ठरावीक रक्कम पाठवायचे. वह्या-पुस्तके, खडू अशा खर्चासाठी. कागदावर पैसे जात होते, पण शाळांची दशा काही सुधारत नव्हती. तेव्हा १९९६ साली अडीचशे शाळांत जाऊन तपासणी झाली. १९९१ ते १९९५ या काळात या अनुदानाचे शंभर रुपये निघाले असतील तर शाळेच्या दारात सरासरी तेराच पोचले होते. बऱ्याच शाळांना तर छदामही मिळाला नव्हता. मधल्या जिल्ह्याच्या पातळीवर पैसा जिरत होता. आणि जिथले पालक बऱ्या स्थितीतले, तिथल्या शाळांना जास्त मिळत होते. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याचीच लूट जास्त.

आपल्याकडेही १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी असेच बोलले होते की दिल्लीतून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात. तो अंदाज होता, आणि त्यात कारभाराचा खर्चही धरला होता. पण देशाच्या पंतप्रधानाला हे बोलावे लागले, यातच सगळे आले.

आता आपले काही शिकलेले तरुण मला विचारतात, "काका, भ्रष्टाचार तर सगळीकडेच आहे. दक्षिण कोरियात काय कमी होता? तरी तो देश पुढे गेलाच ना?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला टाळून चालणार नाही. कोरियाच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना १९९६ साली लाचखोरीसकट मोठ्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. तरी कोरिया पुढे गेला. त्याच्या शेजारचा फिलिपिन्स १९६० च्या सुमाराला कोरियापेक्षा बऱ्या स्थितीत होता. तो मागे राहिला. असे का झाले?

कारणे पुष्कळ आहेत. पण मला एक फरक दिसतो. कोरियाने १९५० च्या सुमाराला कुळांना जमिनी दिल्या आणि पोरांना शाळेत घातले. वरचे लोक खात होते, पण कारखाना उभा राहत होता, माल परदेशी जात होता. फिलिपिन्समध्ये मार्कोसच्या राज्यात बाटान येथे अणुवीज केंद्र बांधले. दोनशे कोटी डॉलरच्या वर खर्च आला. दलालीचे प्रकरण कोर्टात गेले. ते केंद्र आजपर्यंत एका घराचाही दिवा लावू शकलेले नाही. मात्र त्याचे कर्ज तिथली जनता २००७ सालापर्यंत फेडत होती. मार्कोस १९८६ सालीच पळाला होता. म्हणजे ज्या पोराचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्याच्या ताटातून ते पैसे गेले.

म्हणून मी म्हणतो, किती खाल्ले एवढेच बघू नका, काय खाल्ले तेही बघा. गरिबाची शाळा, रेशन, मजुरी, दवाखाना या वर चढायच्या शिडीच्या पायऱ्या आहेत. त्या खाल्ल्या की देश वर चढूच शकत नाही. आणि कोरियालाही ते फुकट पडले नाही. १९९५ साली सोल शहरात सामपुंग नावाचे मोठे दुकान कोसळून पाचशेवर माणसे मेली. इमारतीतले बेकायदा बदल अधिकाऱ्यांनी लाच घेऊन मंजूर केले होते. पैशाने तोंड बंद होते, पण खांबाला भार पेलता येत नाही.

मग यावर उपाय काय? कोणी एक शूर पुरुष येईल आणि सगळे साफ करील, अशी वाट बघत बसायचे का? राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो आपण विसरता कामा नये. उपाय दाखवला तो राजस्थानच्या मजुरांनी.

तिथे दुष्काळी कामावर बायाबापड्यांना ठरलेल्यापेक्षा कमी मजुरी मिळायची. विचारले की साहेब सांगायचा, तुमचे काम मापात कमी भरले. मस्टर दाखवा म्हटले की उत्तर यायचे, ते सरकारी कागद आहेत, दाखवता येत नाहीत. आपण गिरणीवाले जाणतो, मस्टर म्हणजे काय चीज असते. हाजरीवर तुमचे नाव असेल तर तुम्ही आहात, नसेल तर नाही. १९९० साली तिथे मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. सरकारी मोठी नोकरी सोडून आलेल्या अरुणा रॉय त्यांच्यात होत्या, पण ताकद मजुरांची होती. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात त्यांनी जनसुनावणी घेतली. मिळवलेली मस्टरे आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली. नाव वाचायचे आणि गावाला विचारायचे, हा कामावर होता का? अशा सुनावण्यांतून मेलेल्या माणसांची नावे हजेरीवर निघाली. कागदावर पुरी झालेली कामे जागेवर नव्हतीच.

इथे लक्षात घ्या, त्या सभेतल्या कितीतरी बायांना अक्षरओळख नव्हती. पण गावात कोण जिवंत आणि कोण मेला, हे ओळखायला शाळा लागत नाही. कागद उघडा पडला की अडाणी माणूससुद्धा ऑडिटर होतो.

१९९६ साली ब्यावर गावात ते चाळीस दिवस धरणे धरून बसले. घोषणा एकच, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. त्यातून आणि देशभरच्या चळवळींतून माहितीचा अधिकार आला. आपल्या महाराष्ट्रात २००२ सालीच राज्याचा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला.

युगांडातही हेच घडले. कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते सरकारने वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सांगितले. २००१ पर्यंत शंभरातले ऐंशीच्या वर शाळेत पोचू लागले. दुसऱ्याही सुधारणा तेव्हा चालू होत्या, पण ज्या शाळांना वर्तमानपत्र जवळ मिळत होते तिथे फरक जास्त पडला, असे अभ्यासकांना आढळले.

आता आपल्याकडे वळतो. आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही ते घेणार नाही. माझ्या मते त्यात हेही आले की, कोणी आपल्या सर्वांचे घेत असेल तर डोळे मिटून बसणार नाही.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, शिकलेल्या पोरापोरींनी दर रविवारी सकाळी विहारात एक तास बसावे आणि माहितीचा अर्ज लिहून द्यावा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही, आणि साधारण तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक. शिष्यवृत्ती अडली, रेशन कमी आले, गटाराचे बिल निघाले पण गटार नाही, तर विचारा. दुसरी, अर्ज एकट्याच्या नावाने टाकून त्याला वाऱ्यावर सोडू नका. असे प्रश्न विचारणाऱ्यांवर हल्ले झालेले आहेत. दहा जणांनी दहा अर्ज टाका.

तिसरी विनंती थोडी कडू लागेल. दुसऱ्याला हिशेब मागायचा तर आधी आपला दाखवायला हवा. आपल्या विहाराची वर्गणी, दान, आजच्या कार्यक्रमाचा मंडप, जेवण, या स्मरणिकेच्या जाहिराती, सगळ्याचा जमाखर्च पुढच्या पौर्णिमेच्या आत दारावरच्या फळ्यावर लागावा. कोणावर संशय आहे म्हणून नाही. संशयाला जागाच राहू नये म्हणून. मीही या कमिटीत सहा वर्षे होतो आणि तेव्हा हे केले नाही, ही माझी चूक मी सर्वांसमोर कबूल करतो.

गावी गेलेला तो माझा सोबती पुन्हा भेटला नाही. त्याचे पाचशे रुपयांचे राज्य मी बदलू शकलो नाही. पण आज कामाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या हातात पाकीट न देता कायद्याचा कागद देता आला, तर माझ्या डोक्यावरचे ओझे थोडे हलके होईल.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!