नाट्यशिक्षणांत सुईदोऱ्याचें स्थान

नाटक पाहून घरीं परतणाऱ्या रसिकास नटाचें भाषण आठवतें, पदें आठवतात, एखादा देखावाही आठवतो. नटाच्या अंगरख्याची शिवण मात्र त्याच्या स्मरणांत राहत नाहीं. आणि राहूंही नये. ती राहिलीच, तर बहुधा ऐन प्रवेशांत उसवली म्हणूनच राहते! वीरानें तलवार उपसावी आणि त्याच क्षणीं त्याची बगल फाटावी, म्हणजे वीररसाचा हास्यरस होण्यास पळभरही लागत नाहीं. यास्तव नाट्यविद्येच्या विद्यार्थ्यास सुई धरतां यावी कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

जुन्या मराठी नाटकमंडळ्यांत ही विद्या 'कपडेपट' या विभागांत नांदत होती. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलें. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या वेषभूषेचें अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही करीत, हें सर्वश्रुत आहे. परंतु वस्त्रें सांधणारे आणि सांभाळणारे हात पडद्याआडच राहिले. एकानें करावें आणि दुसऱ्यानें पाहून शिकावें, अशी ती विद्या होती. मंडळ्या बंद पडल्या आणि पोषाख भाड्यानें आणण्याची सोय झाली, तशी ती विद्याही मागें पडली. भाड्याचा पोषाख भूमिकेसाठीं बेतलेला नसतो. भूमिकेलाच त्यांत कसेंबसें मावून घ्यावें लागतें.

ही उणीव भरून काढण्याचें काम आतां नाट्यविद्यालयांकडे आलें आहे. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं स्थापन झालें. १९६२ ते १९७७ या काळांत त्याची धुरा पुण्यांत जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींकडे होती, आणि त्यांच्या अनेक नाटकांची वेषभूषा त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी यांनीं अभ्यासपूर्वक सिद्ध केली. वेषभूषा हा अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव अशा कार्यामुळें रुजली.

हें शिक्षण यंत्रापासून नव्हे, हातापासून सुरू व्हावें. धांवदोरा, उलटी टीप आणि तुरपाई हे तीन टांके हातीं बसले, म्हणजे प्रयोगाच्या रात्रीं होणारी बहुतेक दुरुस्ती विंगेंत उभ्यानें करतां येते. त्यानंतर माप. नट स्तब्ध उभा असतां घेतलेलें माप अपुरें होय. त्यानें हात वर करावे, वांकावें, मांडी घालून बसावें, आणि कापड कोठें ओढलें जातें तें पाहावें. पुढें बेतणें. भारी कापडास कात्री लावण्यापूर्वीं तोच बेत मांजरपाटावर करून नटाच्या अंगावर चढवावा, म्हणजे चूक स्वस्तांत पडते.

शिवणापूर्वीं नाटकाचें वाचन हवें, तेंही हातांत पेन्सिल घेऊन. कोणतें पात्र केव्हां आंत जातें, पुन्हां केव्हां येतें आणि मध्यें किती मिनिटें मिळतात, याचा तक्ता मांडावा. दोनच मिनिटें असतील, तर समोरचीं बटणें केवळ शोभेचीं ठेवून खरें बंधन त्यांच्याखालीं दडविलेल्या हुकांचें किंवा टिचबटणांचें करावें लागतें.

आपल्या रंगभूमीची एक अडचण निराळीच आहे. धोतर, शेला, लुगडें हीं मुळांत न शिवलेलीं वस्त्रें. नऊवारी लुगडें नीट नेसण्यास वेळ लागतो, आणि पुढचा प्रवेश कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून निऱ्या आणि कासोटा टांक्यांनीं पक्के करून, कमरेस पट्टी लावून तयार नऊवारी शिवतात. अशी नऊवारी आज बाजारांतही सहज मिळते. परंतु विद्यार्थ्यानें आधीं हातानें लुगडें नेसण्या-नेसविण्याचा सराव करावा. निरी कोठून सुटते आणि चालतांना कशी उलगडते, हें ज्याच्या बोटांस ठाऊक नाहीं, त्याचें शिवलेलें लुगडें अंगावर निर्जीव दिसतें.

या अभ्यासाचा लाभ केवळ पोषाख करणारासच होतो असें नाहीं. जड घेराचा जामा ज्यानें स्वतः शिवला, त्यास तो घालून जलद वळतां येणार नाहीं हें कोणी सांगावें लागत नाहीं. त्याची चाल आपोआप बदलते. तरीही सुई हातीं घेण्यास कित्येक तरुण संकोचतात. तें काम हलकें समजतात. नामदेवांसारखा संत ज्या महाराष्ट्रांत शिंप्याच्या घरीं जन्मला, तेथें हा संकोच शोभत नाहीं. कोल्हापूरच्या भानु अथैया यांस १९८३ सालीं 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

शिवणकामांत एक गोड शब्द आहे: माया. शिवणीच्या आंत राखलेल्या जादा कापडास माया म्हणतात. घरच्या कपड्यास अर्धा इंच पुरते. नाटकाच्या कपड्यास, विशेषतः पाठीस व कुशीस, इंचभर किंवा त्याहून अधिक ठेवावी. कारण आज जो नट तो अंगरखा घालतो, तोच उद्यां घालील असें नाहीं. भूमिका दुसऱ्याकडे जाते, देह बदलतो, प्रयोग मात्र चालूच राहतो. पुढच्या नटासाठीं आपल्या शिवणींत जागा राखून ठेवण्यास जो विद्यार्थी शिकला, तो शिवणाबरोबर नाट्यधर्मही शिकला असें समजावें.