लेकरू निजत नाही तेव्हा
(अचलपूर इथे घरी पाळणाघर चालवणाऱ्या सदस्यांच्या बैठकीतलं बोलणं)



माझं लग्न नाही, मला लेकरू नाही. "ही पोरगी आम्हाले काय शिकवते" असं कोणाच्या मनात आलं तर ते बरोबरच आहे. लेकरं तुम्ही वाढवली. पण आपलं एक लेकरू निजवणं वेगळं आणि दुसऱ्यांची तीन लेकरं एका खोलीत निजवणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलू.

तुमची एक तक्रार मी नेहमी ऐकते. "बारा वाजता सगळ्यायले निजवतो, एक रडते अन् बाकीच्यायले उठवते." पण बारा वाजताच काहून? कारण तेव्हा आपल्याला दोन घास खायचे असतात. लेकराचं घड्याळ मात्र त्याच्या मायसोबत सुरू होतं. कापूस वेचायला जाणारी बाई पहाटे पाचला उठते, भाकरी टाकते. लेकरूही तेव्हाच उठतं. सहा महिन्यांचं लेकरू दोन-अडीच तास जागलं की थकतं. म्हणजे आठ वाजता ते तुमच्या दारात येतं, तेव्हाच त्याला झोप आलेली असते. आपण खुळखुळा वाजवतो, कडेवर फिरवतो आणि बारापर्यंत ओढतो. तोवर ते इतकं शिणतं की डोळा लागतच नाही. जास्त थकलं की लवकर निजेल, हा आपला समज उलटा आहे.

म्हणून दारातच मायला दोन गोष्टी विचारा. किती वाजता उठलं, आणि दूध केव्हा प्यालं? मग लेकराकडे बघा. नजर एका जागी लागते, कान ओढतं, डोळे चोळतं, खेळणं टाकून देतं, ती वेळ. रडायला लागलं म्हणजे वेळ हुकली. दर वेळी एकाच कोपऱ्यात, एकाच पद्धतीने निजवा: पडदा ओढा, लंगोट बदला, पाठीवर थोपटा, तीच अंगाई म्हणा. नवीन लेकरू पहिले आठ-पंधरा दिवस रडणारच. मायची ओढणी आपल्या खांद्यावर टाकून त्याला घ्या, त्या वासाने ते शांत होतं. पण खाली ठेवताना ओढणी जवळ ठेवायची नाही.

काही माया सांगून जातात, "दिवसा निजवू नका, रात्री जागते." त्यांचंही खरं आहे, त्यांना पहाटे उठायचं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे की 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते, दिवसाची झोप त्यातच आली. ती तोडायची नाही. वर्षावरचं लेकरू असेल तर संध्याकाळी उशिरा निजू देऊ नका, एवढं मायसाठी करता येतं.

आता जे बोलायला मला जड जातं ते बोलते. "थोडंसं औषध दिलं की निजते." शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची गोळी देऊन कामावर जायच्या. 1920 च्या दशकातल्या चौकशांत त्याची नोंद आहे. त्या बाया वाईट नव्हत्या, लेकराला बघायला कोणी नव्हतं. आज तुम्ही आहात, म्हणूनच पाळणाघर आहे. अफूने लेकराचा श्वास मंदावतो, थांबूही शकतो. सर्दी-खोकल्याच्या औषधानेही गुंगी येते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं सरकारने डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांना बाटलीवर छापायला सांगितलं. मायने स्वतः बाटली आणून दिली तरी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. "सासू म्हणते" हे कारण पाळणाघरात चालत नाही, माफ करा.

कुठे निजवायचं? सतरंजीवर घट्ट घडीची चादर, आणि लेकरू उताणं. वर्षाच्या आत उशी नको, मोहरीचीही नको. जाड गोधडी नको. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपताना काढा, आधी मायला सांगून. झोळीत लेकरू लवकर निजतं, मला माहीत आहे. पण त्यात हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, आणि मोठं पोरगं झोके देऊ लागलं तर काय होईल ते सांगायला नको. झोळीत डोळा लागला की उचलून खाली सपाट ठेवा. उन्हाळ्यात कूलरचा एकसारखा आवाज झोपेला चांगलाच, फक्त वारा थेट तोंडावर नको. लाईट गेली तर खिडकी उघडा, अंगावरचे कपडे कमी करा.

अर्धा तास थोपटूनही निजलं नाही तर उठवा, बाहेर अंगणात न्या, थोड्या वेळाने पुन्हा बघा. जबरदस्तीने दाबून धरू नका. रोज निजणारं लेकरू अचानक निजेना, अंग गरम लागलं, दूध नाकारलं, तर तो झोपेचा प्रश्न नाही. मायला फोन करा, आशाताईला बोलवा.

माझं मत विचाराल तर एका बाईने वर्षाच्या आतली तीनपेक्षा जास्त लेकरं घेऊ नयेत. चौथ्याचे पैसे दिसतात, पण तीन निजवताना चौथं कोण बघणार? यावर तुमच्यात वाद आहे, पुढच्या बैठकीत मांडू. येताना प्रत्येक लेकराचं एक पान लिहून आणा: उठलं केव्हा, निजलं केव्हा, दूध केव्हा. आठ दिवसांचं पुरे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सुनेकडून लिहून घ्या, नाहीतर मी घरी येऊन लिहून देते.