लाद्या किती लागतील?



वसईच्या वाड्यांमध्ये जमिनीचा हिशेब आजही गुंठ्यांत चालतो. गुंठा म्हणजे मुळात एक चौरसच. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून त्याची बाजूही ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर भरतो. पण जमिनीला चौरसाच्या आकाराचे बंधन नाही. ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब अशी केळीची चिंचोळी पट्टी असली, तरी तीही १०८९ चौरस फूटच, म्हणजे एक गुंठाच.

लादीचे मात्र तसे नाही. ती वाकत नाही, लांबत नाही. कापली तर तुकडा होतो, आणि तो कुठे बसेलच असे नाही. घराला लाद्या किती लागतील, हा हिशेब चुकतो तो याच ठिकाणी.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. त्याच्या आधीपासूनच इथे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि गुंठ्यांचा हिशेब चौरस फुटांवर आला होता. कर्ज काढून घेतलेल्या अशा घरात लादी बदलायची, तर माणूस करारनामा उघडतो, कार्पेट एरिया पाहतो आणि लादीच्या क्षेत्रफळाने भागतो. इथेच पहिली गफलत होते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरलेली असते आणि बाल्कनी वगळलेली असते. भिंतीखाली आपण लादी घालत नाही. बाल्कनीत मात्र घालतो! तेव्हा कागदावरचा आकडा बाजूला ठेवावा आणि टेप घेऊन एकेक खोली मोजावी.

आता आपल्या ओळखीची दहा बाय बाराची खोली घेऊ. बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती लादी घ्यायची आहे. १२० चौरस फुटांना ४ ने भागले की ३० लाद्या. सोपे आहे ना? पण ही लादी बहुधा ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ दहा मिलिमीटर कमी. त्यामुळे क्षेत्रफळाचा हिशेब ३१ वर जातो. शिवाय पाच आणि सहा लाद्यांच्या ओळी लावल्या, की सांधे धरूनही दोन बाजूंना चार-साडेचार सेंटिमीटरची फट उरते.

मिस्त्री इथे दोन गोष्टी करू शकतो. दारापासून अख्ख्या लाद्या लावत नेल्या, तर पलीकडच्या भिंतीशी बारीक पट्ट्या येतात. एका लादीतून अशा अनेक पट्ट्या निघतात, त्यामुळे ३२ लाद्यांत काम भागते. मात्र ती पट्टी डोळ्यांना खुपते. म्हणून काही जण खोलीचा मध्य धरून चारही कडांना मोठे, सारखे तुकडे घेतात. दिसते छान. पण आता कडेचा प्रत्येक तुकडा जवळजवळ ३२ सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या लादीहून मोठा. एका लादीतून एकच तुकडा निघतो. सहा ओळी, प्रत्येकीत सात, अशा ४२ लाद्या लागतात. खोली तीच, लादी तीच, आणि फरक दहा लाद्यांचा!

म्हणून लक्षात ठेवायचे ते इतकेच: कडेचा तुकडा अर्ध्याहून मोठा असेल, तर त्याची एक अख्खी लादी धरायची. अर्ध्याहून थोडा लहान असेल, तर एकीत दोन निघतात.

हिशेब कमी पडला तर काय होते? दुकानात पुन्हा जावे, तर लादी त्याच नावाची मिळते, पण बॅच वेगळी असते आणि शेडमध्ये किंचित फरक येतो. दुकानात तो जाणवत नाही. दिवाणखान्याच्या मधोमध लावल्यावर रोज दिसतो. उलट जास्त घेतल्या, तर उघडलेले बॉक्स दुकानदार बहुधा परत घेत नाही.

तेव्हा खरेदीला निघण्यापूर्वी मुलांच्या गणिताच्या वहीतला चौकटींचा एक कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक लादी. खोली सेंटिमीटरमध्ये मोजून त्यावर काढा. सुरुवात कुठून करणार, हे मिस्त्रीला आधी विचारा. अख्ख्या चौकटी मोजा, मग कडेचे तुकडे. फुटतुटीसाठी थोड्या जास्त धरा. या लाद्या बहुधा चारच्या बॉक्समध्ये येतात, म्हणून संख्या चारच्या पटीत वर न्या. बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, ते पाहून घ्या. आणि काम संपल्यावर चार-पाच लाद्या माळ्यावर ठेवून द्या. पुढे कधी नळाच्या कामासाठी जमीन फोडावी लागली, तर तीच शेड हाताशी असेल.