काचेत, पाण्यात आणि घंगाळात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी ‘फोटोग्राफीवर दोन शब्द बोला’ असे सांगितले तेव्हा मी बरेच आढेवेढे घेतले. माझे काही त्यातले शिक्षण नाही. मुलीने वापरून बाजूला ठेवलेला कॅमेरा माझ्या हाती आला, एवढेच. पण प्रतिबिंबांचे फोटो या एका बाबतीत मी इतक्या चुका केल्या आहेत, की निदान त्या सांगण्याचा अधिकार मला खचित आहे.

पहिली चूक रत्नागिरीची. माहेरी माजघरात आईचा एक फोटो आहे, १९६१ साली स्टुडिओत काढलेला. तेव्हा ती १९ वर्षांची होती. तिच्या तरुणपणाचा असा तेवढा एकच. ती गेल्यावर, वर्षश्राद्धाला भावंडांना त्याची एकेक प्रत द्यावी असे वहिनीने सुचवले. फ्रेमीतून फोटो बाहेर काढायचा मला धीर होईना. कारण तशाच दुसऱ्या फ्रेमीतून आजोबांचा फोटो मी ओढून काढला होता, आणि त्यांचा अर्धा चेहरा काचेलाच चिकटून राहिला होता. दमट हवेत जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरून बसतो. तो ओढू नये, हे मला आजोबा गमावल्यावर कळले. म्हणून आईचा फोटो काचेसकट घेतला. आणि आला काय? आई पुसट, आणि तिच्या पदरावर, कॅमेरा डोळ्याला लावलेली मी, अगदी कपाळावरच्या आठ्यांसकट रेखीव!

सगळी मेख इथेच आहे. प्रतिबिंब काचेवर पडते, असे आपण म्हणतो. पण ते काचेवर नसतेच. मी काचेपासून तीन फुटांवर उभी असेन, तर माझे प्रतिबिंब काचेच्या पलीकडे तीन फूट, म्हणजे कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर असते. कॅमेऱ्याने नजर सहा फुटांवर जुळवली आणि जवळची आई धूसर झाली. मोबाईलही हेच करतो. पडद्यावर ज्या जागी बोट टेकवाल ते स्पष्ट, बाकीचे त्याच्या मर्जीवर.

पाण्याचेही तसेच. कोल्हापूरला रंकाळ्याच्या पाण्यात संध्यामठ दिसतो, त्याचा फोटो घेताना मी आधी पायाजवळच्या लाटेवर नजर जुळवत असे आणि मठ बिघडत असे. पाण्यातला मठ काठावरून खऱ्या मठाइतकाच लांब असतो, तेव्हा नजर त्या लांबीवर हवी. वारा उठण्यापूर्वी, भल्या सकाळी जावे आणि लाज सोडून खाली बसावे. उभे राहून सरळ खाली पाहिले तर पाणी शंभरातला जेमतेम दोन भाग प्रकाश परत देते, म्हणून आपल्याला तळचा गाळ दिसतो. नजर जितकी पाण्यालगत, तितके पाणी उदार! आणखी एक मौज पाहून ठेवा. पाण्यातले चित्र म्हणजे वरच्या देखाव्याची नुसती उलटी नक्कल नव्हे. आपल्याला वरून न दिसणारी छज्जाची खालची बाजू पाण्याला दिसते, आणि फोटोत ती उतरते.

घंगाळाची गोष्ट न्यारी. चिंचेने लख्ख घासलेल्या घंगाळाच्या फुगीर पोटात सारे स्वयंपाकघर मावते. खिडकी वाकडी, फळी वाकडी, आणि मधोमध आपण. इथे मात्र चित्र धातूच्या जरासेच आत असते, म्हणून नजर भांड्यावरच ठेवावी. आपण स्वतः त्यातून काही केल्या निसटत नाही. मग मी निसटायचा नाद सोडला. अमेरिकेत व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) नावाची बाई होती, लोकांची मुले सांभाळून पोट भरणारी. दुकानांच्या काचांत आणि आरशांत दिसणारे आपलेच रूप ती वर्षानुवर्षे टिपत राहिली. कुणाला फारसे दाखवले नाही. २००७ साली तिचे सामान लिलावात निघाले, तेव्हा ही चित्रे जगापुढे आली. तिचे फोटो पाहिल्यावर घंगाळातल्या माझ्या वाकड्या नाकाचे मला काही वाटेनासे झाले.

तर आता आईच्या फोटोकडे वळते. कुणी सांगितले, पोलरायझर नावाची फिरती काच भिंगापुढे लावा, चकाकी जाते. जाते खरी, पण तिरकस पाहिले तरच. ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१५ साली त्या कोनाचा नियम मांडला. पाण्याला तो उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश, काचेला सुमारे ५६. धातूच्या चकाकीवर ही युक्ती फारशी चालत नाही, आणि फ्रेमीसमोर सरळ उभे राहिल्यावर तर मुळीच नाही.

शेवटी उपयोगी पडला वहिनीचा जुना काळा परकर. काचेत दिसते ते आपल्या पाठीशी आणि अवतीभोवती असलेले उजेडातले जग. ते काळे करून टाकले की काचेत दिसायला काही उरत नाही. परकराची शिवण एका बाजूने उसवली, नेफ्यातून भिंग बाहेर काढून नाडी आवळली, आणि वहिनी व भाचीने दोन टोके पडद्यासारखी ताणून धरली. फ्रेम अशी ठेवली की खिडकी तिच्या एका अंगाला यावी, समोरून नव्हे. दुसऱ्या अंगाला पांढरी चादर टांगली, म्हणजे सावलीकडेही उजेड पोचला. दिवा लावला नाही. मग आई आली. नथीतला मोतीसुद्धा वेगळा दिसला. वहिनी परकर धरूनच रडू लागली, त्यामुळे पुढचे दोन फोटो हलले.

भावंडांना प्रती दिल्या. माझ्यापाशी मात्र तो पहिला, बिघडलेलाही ठेवला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी काचेला धरून बसलेले असे फोटो असतील. कृपा करून ते ओढू नका. पुढच्या मंगळवारी दुपारी फ्रेमीसकट मंडळात घेऊन या. परकर मी आणते. चादर धरायला दोघीजणी लागतील.