मातृत्व, गृहोपदेश आणि अक्षरज्ञान



कल्पसूत्राच्या वाचनात त्रिशलामातेच्या गर्भकाळाचे वर्णन येते. मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले, तेव्हा माता शोकाकुल झाली. तो शोक जाणून, मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प भगवंतांनी गर्भातच केला. पुढे मातेच्या आहाराचे वर्णन आहे : अतिशीत नाही, अतिउष्ण नाही, अतितिखट नाही, अतिकडू नाही, ऋतूला मानवेल तेच. गर्भवतीची काळजी हा असा धर्मश्रवणाचाच भाग आहे.

एकोणिसाव्या शतकात गृहिणींसाठीचा उपदेश मराठीत छापील पुस्तकांतूनही येऊ लागला. १८८२ साली पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. गृहकृत्यांपासून बालसंगोपनापर्यंतचे मार्गदर्शन त्यात आहे. त्याच वर्षी रमाबाईंना वैधव्य आले होते. कन्या मनोरमा तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

परंतु हा उपदेश ज्यांच्यासाठी होता, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येकजणी स्वतःच बालिका होत्या. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या. त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकशास्त्राचा मार्ग धरला. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा दहावरून केवळ बारा वर्षांवर आणली. पुस्तके मातेला शहाणपण सांगत होती. रूढी मात्र तिला शिकण्याआधीच माता करीत होती.

जैन समाजात हे शल्य ओळखले ते सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबेन यांनी. तरुण वयात वैधव्य आलेल्या या श्राविकेने विसाव्या शतकाच्या आरंभी श्राविकाश्रमाचे कार्य उभारून विधवा भगिनींना शिक्षणाचा आधार दिला. चतुर्विध संघात श्राविकेचे स्थान स्वतंत्र आहे, याचे त्यांनी कृतीने स्मरण दिले.

कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावातील प्रत्येक घराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कन्येचे शिक्षण पूर्ण झाल्यावाचून तिच्या विवाहाची घाई नसावी. आणि गर्भवती सुनेच्या उपवासाचा विचार तिच्या प्रकृतीला व डॉक्टरांच्या सल्ल्याला धरून व्हावा. मातेची पीडा टाळणे ही अहिंसेचीच साधना आहे.

जय जिनेंद्र.